व्हॅनमधला फ्रिज: लायटरच्या सॉकेटवर की बॅटरीतून थेट?

फ्रिज बारा व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला घ्यायचा आणि त्याच्यासाठी दुसरी बॅटरी बसवायची, इथवर तुमचं ठरलंय असं धरतो. घरचा छोटा फ्रिज इन्व्हर्टरवर चालवायचा विचार असेल तर तो सोडा. थंडाव्यापेक्षा इन्व्हर्टरलाच बॅटरी पोसावी लागते.

राहिला वायरिंगचा प्रश्न. एक तर सिगारेट लायटरचं सॉकेट, नाहीतर बॅटरीतून थेट जाड वायर. मी दोन्ही वापरलंय.

सॉकेटच्या बाजूनं बोलायचं तर सोय मोठी. प्लग काढला की फ्रिज उचलून घरात. आठवड्याला एकदा निपाणीला जाऊन यायचं आणि येताना दूध-दही आणायचं, एवढंच काम असेल तर मी तरी कुणाला वायरिंगच्या भानगडीत पाडणार नाही. फक्त किल्ली काढल्यावर तुमच्या गाडीचं सॉकेट चालू राहतं का ते बघून घ्या. बऱ्याच गाड्यांत ते बंद होतं.

मुक्काम करायचा म्हटलं की मात्र त्रास सुरू. इथले ऑटो इलेक्ट्रिशियन दुसऱ्या बॅटरीपासूनसुद्धा बहुतेक वेळा एक स्क्वेअरची (म्हणजे आतली तार एक चौरस मिलिमीटर जाडीची) वायर ओढून टोकाला लायटरचंच सॉकेट लावून देतात. बॅटरी पुढच्या सीटखाली, फ्रिज मागच्या दाराशी, म्हणजे जाऊन-येऊन दहा मीटर वायर झाली. फ्रिजनं पाच अँपिअर ओढले की जवळजवळ एक व्होल्ट त्या वायरीतच जातो. बॅटरीवर १२.३ असले तरी फ्रिजला ११.३ पोचतात. बॅटरी वाचवायचं सेटिंग 'हाय'वर असेल तर बॅटरी संपली असं समजून तो कॉम्प्रेसर बंद करतो. बंद झाला की लोड गेला, व्होल्टेज परत वर, थोड्या वेळानं पुन्हा सुरू, पुन्हा बंद. रात्रभर हा खेळ. तुम्ही उठून फ्रिजची स्क्रीन बघावी तर व्होल्टेजचा आकडा बारावर, सगळं झकास! आणि सकाळी मासळी मऊ पडलेली. मला नको झालं ते यामुळंच. सेटिंग 'लो' केलं की फ्रिज चालतो, हे खरं. पण मग बॅटरी खरोखर उतरेल तेव्हा तिला वाचवणार कोण?

त्यात चोर्ला घाट. वळणं आणि खड्डे खाऊन प्लग हळूहळू बाहेर सरकतो, कॉन्टॅक्ट ढिला होतो आणि तिथं प्लास्टिक तापायला लागतं.

थेट वायरीला खर्च जास्त, आणि अर्धा दिवस पॅनल उघडून बसावं लागतं. तेवढ्याच अंतराला सहा स्क्वेअरची तांब्याची वायर घेतली तर ०.१७ व्होल्टच्या आसपास जातात. माझ्याकडं तेव्हापासून रात्रीचं ते चालू-बंद थांबलं. मीटर लावून बसलो नाही, पण सकाळी बर्फ तसाच असतो. तुमची बॅटरी फ्रिजला चिकटूनच असेल तर अडीच स्क्वेअरनंही भागेल बहुतेक.

काढून ठेवायची सोय जाते म्हणून हळहळू नका. फ्रिजच्या टोकाला अँडरसन कनेक्टर, म्हणजे जाड वायरींसाठीचा घट्ट बसणारा प्लग, लावा. हिसका देऊन निघतो, घाटात मात्र निघत नाही.

निगेटिव्हसुद्धा बॅटरीपर्यंत परत न्या. गाडीच्या बॉडीला बोल्ट मारून अर्थिंग घेणं सोपं, पण मलप्रभा उगम पावते त्या कणकुंबीचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला त्या बोल्टाचं पुढं काय होतं ते सांगायला नको. फ्यूज १५ अँपिअरचा, पॉझिटिव्हवर आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात. फ्रिजजवळ लावला तर मधली पाच मीटर वायर उघडीच राहते, आणि पत्र्याच्या कडेला घासून शॉर्ट झाली तर तिला वाचवणारं काही नाही. पत्र्यातून जिथं वायर नेताय तिथं भोकात रबरी ग्रोमेट (कडेला बसणारी रिंग) घाला.