न्यू ब्रन्सविकचं टॅक्सचं दुकान: रांग मोठी, काम चोख

माझा व्हिसा एच-४, म्हणजे नोकरीसाठी अमेरिकेत आलेल्याच्या जोडीदाराचा. नोकरीचा परवाना नाही, म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही. नवऱ्यासोबत एकत्र रिटर्न भरायचं तर आयटिन, म्हणजे असा नंबर नसलेल्यांसाठीचा टॅक्सचा नंबर, काढावा लागतो. मागच्या वर्षी एका एजंटाने माझा मूळ पासपोर्टच अर्जासोबत पोस्टाने पाठवायला लावला. एक कागद जोडायचा राहिला, अर्ज परत आला आणि पासपोर्ट हातात पडेपर्यंत अकरा आठवडे गेले. त्याच दिवसांत नाशिकला बाबांचं ऑपरेशन झालं. मला जाता आलं नाही.

म्हणून यंदा न्यू जर्सीतल्या न्यू ब्रन्सविकला, फ्रेंच स्ट्रीटवरच्या ह्या छोट्या दुकानात गेले. एका बाजूला मेक्सिकन बेकरी, दुसऱ्या बाजूला गावी पैसे पाठवायची खिडकी. दुकान चालवणाऱ्या बाईंना आयआरएसची, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याची मान्यता आहे. त्या पासपोर्ट स्वतः तपासतात, तसं प्रमाणपत्र आयटिनच्या डब्ल्यू-७ अर्जाला जोडतात आणि पासपोर्ट तिथल्या तिथे परत करतात. १५० डॉलर घेतले, पावती दिली, चुकीचं स्पेलिंगही त्यांनीच पकडलं.

अपॉइंटमेंट मिळत नाही. दोन तास बसले. गाडी लावायला जागा नाही, ट्रेनने गेलेलं बरं. आणि एक खरी तक्रार: एकच खोली, मध्ये साधा पडदाही नाही. एकाचा हिशोब सगळ्यांच्या कानावर पडतो. तिथे येणाऱ्या लोकांच्या बाबतीत हे चालणार नाही, बाईंना मी तसं सांगितलं.

रांगेत शेजारी छपरं घालणारा एक माणूस बसला होता, पन्नाशीचा. नखांच्या कडांना डांबर, मांडीवर बुटांचा खोका, त्यात वर्षभराच्या पावत्या. आपल्याकडे अमेरिकेत राहण्याचे कागद नाहीत, पण टॅक्स वीस वर्षं भरतोय, असं त्यानेच सांगितलं. बाईंनी चुरगळलेली एकेक पावती तळहाताने सपाट करून बेरीज केली. खिळ्यांची, शिडीची, पेट्रोलची. भरायची रक्कम निघाली तसा तो उठला आणि शेजारच्या खिडकीतून मनी ऑर्डर घेऊन आला.

स्वतःचा धंदा करणाऱ्याला सोशल सिक्युरिटी (सरकारी पेन्शन) आणि मेडिकेअर (म्हातारपणचा सरकारी आरोग्य विमा) यांपोटी १५.३ टक्के भरावे लागतात, प्राप्तिकर वेगळा. म्हातारपणी ती पेन्शन ह्या माणसाला मिळणार नाही. इन्स्टिट्यूट ऑन टॅक्सेशन अँड इकॉनॉमिक पॉलिसी ह्या करांचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ ह्या एका वर्षात कागद नसलेल्यांनी अमेरिकेत ९,६७० कोटी डॉलर कर भरला. त्यातले २,५७० कोटी सोशल सिक्युरिटीचे. आमच्या एडिसनमधल्या भारतीयांच्या गप्पांत ‘हे लोक फुकट खातात’ असं कुणी सहज बोलून जातं, तेव्हा मला आता तो खोका आठवतो आणि मी गप्प बसत नाही.

दुसरी बाजूही आहे. नॅशनल अकॅडमीज ह्या अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या संस्थेच्या २०१६ च्या अहवालात एकूणच स्थलांतराबद्दल म्हटलंय की पहिल्या पिढीचा भार, मुख्यतः मुलांच्या शाळांचा, राज्यांच्या आणि गावांच्या तिजोरीवर पडतो. नव्याने आलेल्यांमुळे मजुरी घटण्याची झळ बसलीच तर ती आधी आलेल्या स्थलांतरितांना आणि शाळा अर्धवट सोडलेल्यांना बसते. शाळेचा खर्च मला पटतो, कारण तीच मुलं उद्या कर भरतात. मजुरीचं मात्र सोपं उत्तर माझ्याकडे नाही.

एप्रिल २०२५ मध्ये अर्थखात्याने करदात्यांचे पत्ते इमिग्रेशनवाल्यांना देण्याचा करार केला. तेव्हापासून जुनी गिऱ्हाइकं यायची थांबली, असं बाई म्हणाल्या. मला ह्याचा राग येतो. भरवसा ठेवून ज्यांनी खरा पत्ता लिहिला, त्यांनाच घाबरवलं. ते गप्प राहिले तर कर बुडणार तो देशाचाच.

माझा आयटिन सात आठवड्यांत आला. पासपोर्ट, व्हिसाचा कागद आणि नवऱ्याचा डब्ल्यू-२ (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या कराचा कागद) सोबत न्या. रिटर्नवर दोघांच्या सह्या लागतात, तेव्हा नवऱ्यालाही घेऊन जा. शनिवारी नऊच्या आत पोचा, दहानंतर बसायला खुर्ची मिळत नाही.