बाथरूममधील बुरशीची ‘ट्रीटमेंट’ : नेरूळच्या सोसायटीतील फसवणुकीचा अनुभव

नवी मुंबईतील नेरूळमधील आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर, बाथरूममधील काळी बुरशी पाच वर्षांच्या हमीसह घालवून देतो असे सांगून काही घरांकडून पैसे उकळण्यात आले, आणि त्यांत आमचेही घर होते. हीच माणसे वेगळ्या नावाने नवी मुंबईच्या दुसऱ्या नोडमध्ये, म्हणजे उपनगरात, फिरत असल्याचे अलीकडे कानावर आले, म्हणून त्यांची पद्धत सविस्तर लिहीत आहे.

‘मोफत तपासणी’ करायला आलेल्या दोघांनी बाथरूममध्ये पाऊल ठेवण्यापूर्वीच घरात कोणाला दमा आहे का, असे विचारले. सासूबाईंना दमा आहे हे कळताच पुढचे सारे बोलणे भिंतीविषयी न राहता त्यांच्या फुप्फुसांविषयी झाले. ही भीती अगदीच निराधार नसते, आणि म्हणूनच ती विकली जाते : ओल व बुरशी असलेल्या घरांत दमा आणि श्वसनाच्या तक्रारी अधिक आढळतात, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शक सूचनांतही नमूद आहे. मात्र त्याच सूचनांचा भर ओल रोखण्यावर आहे, आणि ओल कुठून येते हा प्रश्न त्या दोघांनी शेवटपर्यंत विचारला नाही.

त्यानंतर त्यांनी दोन टोकदार पिनांचे एक यंत्र शॉवरखालच्या टाइल्सच्या सांध्यावर टेकवले. लाल दिवा लागला आणि ‘भिंत आतून सडली आहे’ असा निर्वाळा मिळाला. असे यंत्र दोन पिनांमधील विजेचा रोध मोजते आणि त्यावरील आकडे बहुधा लाकडासाठी जुळवलेले असतात. पृष्ठभागावर पाण्याचा थर असला किंवा सांध्यात क्षार साचलेले असले, तरी आकडा वर जातो. सकाळच्या आंघोळी उरकल्यानंतर कोणत्याही बाथरूममध्ये तो दिवा लालच होईल. यंत्र काढणाऱ्याला आधी बेडरूमच्या कोरड्या भिंतीवर आणि मग रात्रभर न वापरलेल्या बाथरूममध्ये तेच मोजायला सांगावे; पुष्कळदा एवढ्यावरच तपासणी आटोपते.

सर्वांत परिणामकारक ठरली ती काचेची बशी. बाथरूममध्ये काही वेळ उघडी ठेवलेली ती बशी ते घेऊन गेले आणि काही दिवसांनी तीत वाढलेल्या काळ्या-हिरव्या बुरशीचा फोटो ‘विषारी ब्लॅक मोल्ड’ अशा शिक्क्यासह फोनवर आला. वस्तुतः बुरशीचे बीजाणू प्रत्येक घराच्या हवेत असतात, त्यामुळे पोषक थर असलेली बशी कुठेही उघडी ठेवली तरी तीत काही ना काही उगवतेच. शिवाय केवळ रंगावरून जात ओळखता येत नाही. ज्या स्टॅकिबोट्रिसच्या नावाने घाबरवले जाते, ती बुरशी सतत ओल्या राहणाऱ्या कागदावर, पुठ्ठ्यावर किंवा जिप्सम बोर्डावर वाढते. टाइल्सच्या सांध्यांत आणि कडा बुजवणाऱ्या सिलिकॉनवर दिसणारी काळी बुरशी बहुधा क्लॅडोस्पोरियमसारखी सर्वसामान्य असते. बुरशी डोळ्यांना दिसत असेल, तर ती काढण्यासाठी तिचे नाव कळण्याची गरजच नसते.

काम ठरले 14,500 रुपयांना, त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा. लेबल नसलेल्या कॅनमधून त्यांनी जे ‘इम्पोर्टेड’ द्रव्य फवारले, त्याला पोहण्याच्या तलावाचा वास होता आणि अर्ध्या तासात काळे डाग पांढरे झाले. ते साधे ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट होते. ते बुरशीचा रंग लगेच उडवते, परंतु सच्छिद्र सांध्यात खोलवर गेलेल्या वाढीपर्यंत फारसे पोचत नाही. जुने सिलिकॉन न काढता त्यावरच नवे ओढले गेले, जे धड चिकटतही नाही. ‘इपॉक्सी ग्राउट’ (टाइल्सच्या सांध्यांतला भराव) म्हणून जे भरले, ते व्हाइट सिमेंट निघाले. खरे इपॉक्सी राळ आणि हार्डनर असे दोन घटक जागेवर मिसळून तयार होते, ते थोड्या वेळातच वापरावे लागते आणि त्याआधी जुना भराव खरवडून काढावा लागतो. सुकल्यावर त्यावर पाण्याचा थेंब टाकला तर ते काळवंडत नाही, आमचे मात्र लगेच काळवंडले. जाताना ‘आठवड्यातून एकदा टाइल्सना ॲसिड लावा’ असा सल्ला त्यांनी दिला, तो तर धोकादायकच होता : ब्लीचच्या अवशेषांवर ॲसिड पडले की क्लोरीन वायू सुटतो, आणि घरात दम्याचा रुग्ण आहे हे त्यांना पहिल्या मिनिटापासून ठाऊक होते.

जुलै संपण्यापूर्वीच नव्या सिलिकॉनखालून काळी रेघ उमटली. हमीपत्राच्या मागे बारीक अक्षरांत ‘गळती व अपुरे वायुवीजन वगळून’ असे छापलेले आढळले. म्हणजे बुरशी ज्या दोन कारणांनी येते, नेमकी तीच वगळून हमी दिलेली होती. फोन केल्यावर त्यांनी 32,000 रुपयांचे ‘नॅनो कोटिंग’ सुचवले.

खरे कारण सोसायटीच्या प्लंबरने शोधले. त्याने तो बाथरूम दोन दिवस पूर्ण बंद ठेवायला सांगितले. भिंत तेवढ्यात सुकली तर दोष आंघोळीच्या पाण्याचा आणि कोंडलेल्या वाफेचा. न सुकली तर गळती पाइपातून किंवा वरच्या मजल्यावरून, इतका सरळ त्याचा हिशेब होता. आमच्याकडे डायव्हर्टरखालचा, म्हणजे पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणाऱ्या तोटीखालचा, पट्टा ओलाच राहिला. झाकणपट्टी काढताच आत झिजलेले कार्ट्रिज (पाणी उघडबंद करणारा तोटीच्या आतला भाग) थेंबथेंब गळताना दिसले. ते बदलण्यास कॅनमधील त्या द्रव्याच्या तुलनेत किरकोळ खर्च आला आणि एकही टाइल फोडावी लागली नाही.

दुसरे कारण डक्टकडच्या (इमारतीतील पाइपांच्या उघड्या पोकळीकडच्या) झडपांच्या खिडकीचे होते. कबुतरांच्या त्रासामुळे आमच्या विंगमध्ये बहुतेकांनी तिच्यावर ॲक्रिलिक शीट ठोकले आहे, आम्हीही ठोकले होते. आता त्या जागी जाळी आहे. आंघोळीनंतर एक्झॉस्ट फॅन अर्धा तास चालू राहतो, त्या वेळी दाराखालून हवा आत येऊ दिली जाते, आणि भिंतीवरचे पाणी वायपरने खाली ओढले जाते. खाडीलगतच्या आपल्या भागात पावसाळ्यात बाहेरचीच हवा दमट असते, त्यामुळे केवळ खिडकी उघडी ठेवून भागत नाही. जुने सिलिकॉन ब्लेडने पूर्ण काढून, जागा कोरडी करून, बुरशीरोधक सॅनिटरी सिलिकॉन भरले आणि दुकानदाराच्या सांगण्यानुसार 24 तास पाणी लागू दिले नाही.

पैशांचे म्हणाल तर ते परत मिळालेले नाहीत. रक्कम कंपनीच्या नव्हे, एका व्यक्तीच्या यूपीआय खात्यावर गेली होती. पावतीवर जीएसटी आकारला होता, पण क्रमांक नव्हता. महाराष्ट्रात नोंदणी असलेला जीएसटी क्रमांक 15 अक्षरांचा असून 27 ने सुरू होतो आणि सरकारी पोर्टलवर कोणालाही तपासता येतो. क्रमांकाविना कर मागणाऱ्याला तिथेच थांबवावे. हमीपत्रावरील तुर्भ्याच्या पत्त्यावर झेरॉक्सचे दुकान निघाले. आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली असून आता ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जात आहोत. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे, म्हणून सोसायटीतील इतर घरांनीही आपापल्या पावत्या, यूपीआयचे स्क्रीनशॉट आणि त्या बशीचे फोटो जपून ठेवले आहेत. सर्व फोटोंत बशी एकच आहे, हे ते शेजारी शेजारी ठेवल्यावरच आमच्या लक्षात आले.