तंबाखू सोडताना सीबीटी की अ‍ॅक्ट?

सोलापुरात तंबाखू मागायला कुणाला लाज वाटत नाही आणि द्यायला कुणी नाही म्हणत नाही. त्यामुळे तलफ काय असते ते सोडून देऊ. समुपदेशकाकडे जायचं ठरलंय, तर सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे विचार तपासून बदलायची उपचारपद्धत) घ्यावी की अ‍ॅक्ट (अ‍ॅक्सेप्टन्स अँड कमिटमेंट थेरपी, म्हणजे विचार येऊ देऊन आपलं महत्त्वाचं काम करत राहायची पद्धत), एवढंच बोलतो. मी दोन्ही केल्यात, आधी सीबीटी.

सीबीटी जुनीजाणती. अ‍ॅरन बेक यांनी 1960 च्या दशकात मांडलेली, शिकवणारेही जास्त भेटतात. तलफ कधी, कुठे, कुणासोबत येते याची नोंदवही मी आजही ठेवतो. चहानंतर आणि माग बंद पडला की माझा हात पुडीकडे जायचा, हे तिनेच दाखवलं.

पण तो पुढचा तक्ता! ‘एक बार भरला तर काय बिघडतं’ हा विचार लिहायचा, त्याच्या बाजूचे पुरावे, विरुद्धचे पुरावे, मग सुधारलेला विचार. अक्कलकोट रोडच्या कारखान्यात शेजारचा गडी तळहातावर चुना लावून मळतोय आणि आपण रकाने भरतोय. शिवाय वादाला बसलं की मन पक्कं वकील. आजोबांनी जन्मभर खाल्ली, त्यांना काय झालं? आजचा दिवस वेगळा, उद्यापासून बंद. एकेक मुद्दा खोडेपर्यंत डोक्यात तंबाखूच तंबाखू. या कटकटीमुळेच माझा कौल अ‍ॅक्टला.

मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन हेज यांनी मांडलेल्या अ‍ॅक्टमध्ये वादच नाही. ‘तंबाखू हवी असा विचार आलाय’ एवढं मनाशी म्हणायचं, जबडा कसा आवळतो, तोंडाला पाणी कसं सुटतं ते बघायचं आणि तुटलेला धागा जोडत राहायचं. तलफ बहुतेकदा ओसरते. नाही ओसरली तरी काम अडत नाही. ‘तुमच्यासाठी महत्त्वाचं काय’ हा प्रश्न मात्र मला आधी जडच वाटला. मग आठवलं, लेक जवळ आली की वासामुळे मी तोंड फिरवून बोलायचो.

अमेरिकेत 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत अ‍ॅक्टवर बेतलेलं मोबाइल अ‍ॅप वापरणाऱ्यांपैकी सुमारे 28 टक्के लोक वर्षभराने सिगारेटपासून दूर होते, दुसऱ्या अ‍ॅपवाल्यांपैकी 21. ते दुसरं अ‍ॅप सीबीटीचं नव्हतं, आणि आपली तंबाखू मळायची, म्हणून त्यावर फार भिस्त ठेवू नका.

लिहायची आवड असेल तर सीबीटी तुम्हाला मानवेलही. दारूचं मात्र वेगळं: रोजची सवय एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, तिथे आधी डॉक्टर. आणि गावात सीबीटीवालेच मिळाले तर नोंदवही जरूर घ्या, तक्त्याचं पहिल्याच भेटीत बोलून टाका.