इंडियन अकादमी ऑफ सायन्सेस: बी.एस्सी.च्या वर्गातून एक अभिप्राय

मी एकवीस वर्षं बी.एस्सी.ला फिजिक्स शिकवते. आमच्या कॉलेजात रिसर्च लॅब नाही. विज्ञान अकादमी म्हटलं की फेलो (म्हणजे मानाचे सदस्य) निवडणारी, मानसन्मान देणारी कुठलीतरी लांबची संस्था, एवढंच माझ्या डोक्यात होतं. सर सी. व्ही. रामन यांनी १९३४ साली बेंगळुरूत इंडियन अकादमी ऑफ सायन्सेस स्थापन केली, हे पाठ होतं. तिचा आपल्यालाही उपयोग आहे हे मात्र फार उशिरा कळलं. ते इतरांना लवकर कळावं म्हणून हे लिहिते आहे.

पहिली ओळख झाली ती ‘रेझोनन्स’ या मासिकामुळे. जानेवारी १९९६ पासून अकादमी हे मासिक काढते, खास पदवीचे विद्यार्थी आणि शिक्षक डोळ्यांसमोर ठेवून. जुने अंक अकादमीच्या वेबसाइटवर फुकट आहेत. अंक उघडला की मी आधी ‘क्लासरूम’ सदर बघते. शिकवताना आपण जिथे ‘हे असंच असतं’ म्हणून पुढे सरकतो, नेमकं तिथेच हे लेख थांबतात. इंग्रजी सोपं आहे, पण आहे इंग्रजीच. मराठी माध्यमातून आलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलांबरोबर मी एकेक परिच्छेद वाचते. दोन-तीन लेखांनंतर मुलं आपली आपण वाचू लागतात.

नंतर मी अकादमीचा प्रायोगिक भौतिकशास्त्राचा रिफ्रेशर कोर्स केला. प्रा. आर. श्रीनिवासन यांनी हे कोर्स उभे केले, आणि माझ्या मते कॉलेजच्या शिक्षकांसाठी याहून मोलाचं काम क्वचितच कोणी केलं असेल. जवळजवळ दोन आठवडे सकाळपासून संध्याकाळपर्यंत आपण स्वतःच्या हातांनी प्रयोग करायचे. पितळेचा एक दांडा मला अजून आठवतो. त्याचं एक टोक ठरावीक वेळाने तापवायचं आणि थंड होऊ द्यायचं. दांड्यावर दोन ठिकाणी तापमान मोजायला थर्मोकपल. पहिल्याचं तापमान वर चढतं, आणि थोड्या वेळाने दुसऱ्याचं, जरा कमी उंचीने. आलेख काढला की उष्णतेची लाट दांड्यातून सरकताना अक्षरशः दिसते, आणि त्या उशिरावरून थर्मल डिफ्युझिव्हिटी, म्हणजे उष्णता त्या पदार्थात किती झपाट्याने पसरते ते, काढता येते. मी हा विषय कितीतरी वर्षं फळ्यावर समीकरणं लिहून शिकवला होता. ती लाट पाहिली त्या दिवशी रात्री मला झोप लागली नाही. परत आल्यावर तोच प्रयोग तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला लावला.

पण सगळ्यात जास्त भरभरून बोलावं अशी सेवा म्हणजे समर रिसर्च फेलोशिप. बेंगळुरूची ही अकादमी, दिल्लीची इन्सा (इंडियन नॅशनल सायन्स अकादमी) आणि प्रयागराजची नासी (नॅशनल अकादमी ऑफ सायन्सेस) अशा तीन अकादम्या मिळून ती देतात. निवड झालेला विद्यार्थी सुट्टीत दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम करतो, वर विद्यावेतनही मिळतं. शिक्षकांनाही अर्ज करता येतो.

माझ्या एका विद्यार्थिनीने अर्जासाठी लिहिलेल्या मजकुराचं पहिलं वाक्य होतं, ‘मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे.’ मी म्हटलं, हे राहू दे, प्रॅक्टिकलमध्ये तुला काय खटकलं ते सांग. ती म्हणाली, “मॅडम, न्यूटन्स रिंग्जमध्ये मधला ठिपका काळा यायला हवा ना? माझा उजळ आला होता. काचा पुसल्यावर काळा झाला.” या प्रयोगात सपाट काचेवर भिंग ठेवलं की प्रकाशाची वर्तुळं दिसतात; भिंग आणि काच यांच्यामध्ये धुळीचा एक कण अडकला तरी फट बदलते आणि ठिपका उजळू शकतो. तिने त्या कणावरच लिहिलं आणि तिची निवड झाली. परत आली तेव्हा मी तिची वही उघडून पाहिली. पूर्वी ती रीडिंग पेन्सिलने घ्यायची, चुकलेलं खोडायची आणि मग शाईने गिरवायची. आता चुकलेली रीडिंग एका रेघेने काटून तशीच ठेवलेली होती, शेजारी वेळ आणि कारण. मला एवढं पुरे होतं.

सगळ्यांनाच असा अनुभव येत नाही. दुसऱ्या एका मुलाला मिळालेले मार्गदर्शक दोन महिन्यांतला बराच काळ परदेशात होते, आणि तो आकडे टाइप करत बसला. म्हणून निवड कळली की लगेच मार्गदर्शकांना मेल करा, ते त्या काळात तिथे असतील का ते विचारा. आणि शिफारसपत्रासाठी शिक्षकांना शेवटच्या दिवशी गाठू नका.

आमच्या इतिहासाच्या मॅडम विचारतात, “आमच्या मुलांना असं काय आहे?” हा प्रश्न मला फार लागतो. काही देशांत विज्ञान आणि मानव्यविद्या एकाच राष्ट्रीय अकादमीत नांदतात. आपल्याकडे सामाजिक शास्त्रांच्या संशोधनासाठीची परिषद आयसीएसएसआर १९६९ साली आली, इतिहास संशोधनासाठीची आयसीएचआर १९७२ साली. दोन्हींचं काम मोठं आहे, पण त्यांच्या फेलोशिप मुख्यतः पीएच.डी. आणि त्यापुढच्या संशोधकांसाठी आहेत. बी.ए.च्या मुलीलाही दोन महिने एखाद्या अभिलेखागारात, जाणत्या संशोधकाच्या शेजारी बसता यायला हवं. विज्ञान अकादम्यांनी हे जमवून दाखवलं आहे, तर तिथेही जमायला हवं.

तूर्त आम्ही दोघींनी आमच्यापुरता एक मार्ग काढला आहे: अकादमीच्याच नियतकालिकांचा इतिहास वाचायचा. ‘जर्नल ऑफ जेनेटिक्स’ हे नियतकालिक बेटसन आणि पनेट या आनुवंशशास्त्रज्ञांनी १९१० साली इंग्लंडात सुरू केलं. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ हाल्डेन १९५७ साली भारतात आले, तेही हे नियतकालिक सोबत घेऊनच, आणि पुढे १९८५ पासून अकादमीने ते पुन्हा चालू केलं. एक नियतकालिक देश का बदलतं, हा इतिहासाचाच प्रश्न आहे. मॅडमची बी.ए.ची एक विद्यार्थिनी सध्या दुपारी माझ्या केबिनमध्ये बसून अकादमीच्या साइटवरचे जुने अंक वाचते आहे. काल तिला वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल १९३५ साली अकादमीच्या फेलो झाल्याची नोंद सापडली. त्या वेळी फेलोंमध्ये आणखी किती बायका होत्या, ते ती आता मोजते आहे.