मॅटर्निटी शूट, आठ महिन्यांनंतर : माझ्या पोटावरची रेघ का पुसली?

कालच्या पावसात अल्बमच्या चौथ्या पानाचं लॅमिनेशन कोपऱ्यातून सुटलं. तक्रार करायची म्हणून अल्बम काढला आणि तासभर बघतच बसले. बाळ आता साडेसहा महिन्यांचं आहे.

पॅकेज नेहमीचंच: दोन ठिकाणं, तीन कपडे, 25 एडिट केलेले फोटो, अल्बम. साडेअठरा हजार. पुण्यात तेवढ्याच पैशांत फक्त स्टुडिओतलं शूट मिळत होतं, गाऊन त्यांचा आणि मागचा पडदाही त्यांचाच. सातव्या महिन्यात मी माहेरी, कोल्हापूरला, येणारच होते. मग रंकाळा तलाव सोडून पडद्यासमोर कशाला उभं राहायचं?

32वा आठवडा निवडला तो फोटोग्राफर ताईंच्या सांगण्यावरून, आणि ते बरोबर ठरलं. पोट छान दिसत होतं, आणि खाली बसून उठताही येत होतं. दिवस किरणोत्सवाचे, म्हणजे मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीवर पडतात ते, 10 नोव्हेंबर. त्या दिवसांत मावळतीचं ऊन किती तिरपं येतं हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, आम्ही पाचलाच रंकाळ्यावर होतो. तरी अर्धा तास गाऊनचा घोळ सावरण्यात आणि गर्दी सरकायची वाट बघण्यात गेला. फोटो देखणे आलेत. पण तो गाऊन माझा नव्हता, आणि त्या फोटोंत मीही मला फारशी सापडत नाही.

सकाळी शिवाजी पेठेतल्या घरी काढलेले फोटो मला तेव्हा वायफळ वाटले होते. ते वगळून पैसे कमी करा, असंही मी म्हणाले होते. माझी चूक झाली. ताईंनी माजघरातली ट्यूबलाइट बंद केली, उत्तरेकडच्या खिडकीपाशी पाट मांडला आणि आजीला म्हणाल्या, "तुम्ही रोज करता तेच करा." आजी रोज सकाळी माझ्या पोटाला खोबरेल लावायची. मी आईची जुनी सुती साडी नेसले होते. वाटीत बोटं बुडवून आजीनं बेंबीखालच्या काळसर रेघेवरून हात फिरवला. ताई एक शब्द बोलल्या नाहीत, फक्त शटरचा आवाज.

एडिट होऊन आलेल्या फोटोत ती रेघ नव्हती! पोट प्लॅस्टिकच्या बाहुलीसारखं गुळगुळीत. आजीच्या मनगटावरचं तुळशीवृंदावनाचं गोंदणही पुसट झालेलं. ते गोंदण सत्तर वर्षांचं आहे. विचारलं तर उत्तर आलं, "सगळ्या असंच करून मागतात." मी मागितलं नव्हतं. ओरिजिनल, म्हणजे एडिट न केलेल्या, फाइल देत नाही म्हणाले. त्यांच्याकडे राजारामपुरीला तीन खेपा घातल्या, नववा महिना लागलेला असताना. शेवटी घरातल्या फाइल मिळाल्या, वर दोन हजार मोजून. रंकाळ्याच्या तोवर डिलीट झाल्या होत्या. ते दोन हजार मला अजून डाचतात.

तेव्हा एक स्टार दिला असता. आज तीन देते, कारण खिडकी आणि पाट हे त्या ताईंनाच सुचलं. बाकीचे दोन स्टार रेघेपायी कापले, ते परत देणार नाही. बाळंतपणानंतर ती रेघ हळूहळू फिकी होते, माझी मे महिन्यात पूर्ण गेली. आता ती फक्त त्या फाइलमध्ये आहे.

तुम्ही ठरवत असाल तर अॅडव्हान्स देण्याआधी लिहून घ्या: त्वचेला हात लावायचा नाही, ओरिजिनल फाइल पॅकेजमध्येच हव्यात. व्हॉट्सअॅपवर पाठवलेल्या घेऊ नका, फोटो आकसून येतात. पेनड्राइव्ह न्या.

मी ओरिजिनलवरून मॅट कागदावर 12 बाय 18ची प्रिंट काढून माजघरात लावली. आजी चष्मा चढवून आधी आपलं गोंदण बघते, मग बोट टेकवून म्हणते, "ही बघ रेघ." लॅमिनेशनसाठी सोमवारी जाणार आहे, बाळाला घेऊनच.