कोरं तिकीट की शिक्का बसलेलं?

माझ्या अल्बममध्ये महर्षी कर्व्यांचं तिकीट दोनदा आहे. १८ एप्रिल १९५८ ला, अण्णांच्या शंभराव्या वाढदिवशी निघालेलं. हयात असलेल्या भारतीय माणसावर आपल्या टपालखात्याने काढलेलं हे पहिलं तिकीट. एक प्रत कोरी आहे, दाते शाबूत, पाठीवर डिंक. दुसरीवर शिक्क्याची काळी कमान आहे आणि त्या कमानीत इंग्रजी डी, ए, पी, ओ अशी चार अक्षरं. पाचव्या अक्षराची नुसती उभी रेघ उमटली आहे. ती एलची असेल तर दापोली, म्हणजे अण्णांच्या मुरूडचा तालुका. डीची असेल तर पुण्याजवळची दापोडी. कोरी प्रत मी वर्षातून एकदा बघतो. शिक्क्याची प्रत भिंगाखाली किती वेळा घेतली, त्याचा हिशेब नाही.

तिकीटसंग्रह सुरू करायचं मनात असेल, स्वतःसाठी किंवा घरातल्या मुलासाठी, तर पहिला प्रश्न हाच येतो: कोरी जमवायची की वापरलेली? दोन्ही जमवणारे पुष्कळ आहेत, पण वेळ आणि पैसे मोजकेच असतात, शिवाय दोन्हींची निगा वेगळी. म्हणून एका बाजूने सुरुवात केलेली बरी.

आधी मिळवायचं कसं ते बघू. कोरं तिकीट मिळवणं आज अगदी सोपं आहे. मुंबईच्या जीपीओसारख्या मोठ्या टपाल कार्यालयात फिलाटेली ब्युरो असतो. तिथे नवी तिकिटं छापील किमतीला मिळतात, पाच रुपयांचं तिकीट पाच रुपयांत. आगाऊ रक्कम भरून डिपॉझिट खातं उघडलं की प्रत्येक नवं तिकीट घरपोच येतं. वर्षाअखेरीस संच पूर्ण. ज्यांना जागा सोडलेली आवडत नाही, पानावरचं एकही घर रिकामं नको असतं, त्यांना यात फार समाधान मिळतं, आणि ते खरं समाधान आहे.

वापरलेलं तिकीट शोधावं लागतं. आत्याच्या ट्रंकेतली पत्रं, जुन्या दुकानाच्या फायली, रद्दीवाल्याकडचा गठ्ठा. पूर्वी ही तिकिटं ढिगाने मिळायची. आता पत्रंच कमी झाली आणि पाकिटांवर बारकोडची पट्टी आली. त्यामुळे अलीकडच्या तिकिटांचं उलटंच झालं आहे: कोरं सहज मिळतं, पण साध्या पत्रावरून खरोखर प्रवास करून आलेलं, स्वच्छ गोल शिक्क्याचं तिकीट मिळायला नशीब लागतं. परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांना हक्काने सांगा, वाढदिवसाला मेसेज नको, तिकीट लावलेलं पत्र पाठवा.

आता पाऊस. मुंबईत, कोकणात, गोव्यात राहत असाल तर हा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा मोठा आहे. कोऱ्या तिकिटाचा जीव त्याच्या डिंकात. पाठीमागचा डिंक अस्पर्श असेल तरच जाणकार पूर्ण किंमत देतात. बिजागरी म्हणजे हिंज, डिंक लावलेल्या कागदाची छोटी पट्टी, लावून चिकटवलं की किंमत उतरते, म्हणून पारदर्शक पाकळीतच ठेवावं लागतं. आणि हाच डिंक जुलैतल्या दमट हवेत ओल धरतो. तिकिटं एकमेकांना किंवा पानाला चिकटतात, कडा गुंडाळतात, कागदावर तपकिरी ठिपके उठतात. एका पावसाळ्यात मी अल्बम कपाटाच्या तळाशी आडवा ठेवला होता. ऑक्टोबरात उघडला तर चौदा तिकिटांची एक वडी झाली होती. पाण्यात टाकल्यावर ती सुटली, पण डिंकही गेला. म्हणजे कोरी गेली आणि शिक्काही नसल्यामुळे वापरलेलीही झाली नाहीत. तेव्हापासून अल्बम उभे ठेवतो, मध्ये सिलिका जेलच्या पुड्या, आणि ऊन पडलं की दार उघडून हवा देतो. वापरलेल्या तिकिटाला यातलं चिकटण्याचं भय नाही, त्याचा डिंक आधीच धुतलेला असतो. ठिपक्यांपासून मात्र त्यालाही जपावं लागतं.

तिकीट सोडवायचं काम मला स्वतःला या छंदातलं सर्वांत आवडतं. पाकिटाचा कोपरा तिकिटाभोवती भरपूर जागा सोडून कापायचा, पसरट ताटलीत कोमट पाणी घ्यायचं, तुकडे उताणे तरंगत ठेवायचे. पंधरा-वीस मिनिटांत तिकीट कागदावरून आपोआप सरकतं. ओढायचं नाही, घाई केली की मागचा कागद सोलून तिकीट पातळ होतं. मग चिमट्याने अलगद उचलून पालथं टीपकागदावर, वर जाड पुस्तक. लग्नपत्रिकेच्या लाल पाकिटावरचं तिकीट वेगळ्या ताटलीत घ्यायचं, नाहीतर सगळी तिकिटं गुलाबी होतात. अमेरिकेची अलीकडची स्वतः चिकटणारी तिकिटं पाण्याने सुटत नाहीत, ती कागदासकट नीट कापून ठेवावीत. आठ-नऊ वर्षांचं मूल रविवारची सकाळ या कामात रमतं, हे मी घरात पाहिलं आहे.

चित्राच्या बाबतीत मात्र कोरं तिकीट निःसंशय सरस. शिक्का नेमका चेहऱ्यावर बसला की नक्षी संपली. काही तिकिटं तर कोरीच घ्यावीत. १३ डिसेंबर २००६ ला निघालेलं पंधरा रुपयांचं चंदनी वासाचं तिकीट पाण्यात बुडवण्यात काय अर्थ? २०११ चं खादीवर छापलेलं गांधीजींचं तिकीटही तसंच. पक्षी, रेल्वे, किल्ले असा एखादा विषय धरून जमवणार असाल, तरी कोऱ्यांकडेच वळा, तिथे चित्रच मुख्य.

पण तारीख आणि गाव हवं असेल तर शिक्काच लागतो. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला, त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकरांची. त्यामुळे शिक्क्यात सहा आकडी पिन दिसला, की पत्र त्या तारखेनंतरचं हे वर्ष पुसट असलं तरी कळतं. गावांची जुनी इंग्रजी स्पेलिंगं, बंद पडलेली टपालघरं, फिरत्या रेल्वे टपालसेवेचे शिक्के, हे सगळं कोऱ्या तिकिटावर कुठून येणार?

घेताना एक खबरदारी. स्वस्त पुडीत मिळणारी अजमान, फुजैरा वगैरे आखाती अमिरातींची मोठी रंगीत तिकिटं शिक्का असूनही कधी टपालात गेलेली नसतात. उलटून बघा, मागे डिंक तसाच असतो. मुलाला देऊ नका असं मी म्हणणार नाही, त्याला रंग आवडतील. पण ती वापरलेली म्हणून मोजू नका.

पैसे वाढतील या आशेने यापैकी काहीच घेऊ नका. अलीकडची कोरी तिकिटं भरमसाठ छापली गेली आहेत, आणि सगळ्यांनी जपूनही ठेवली आहेत.

माझं मत विचाराल तर पहिली दोन वर्षं वापरलेलीच जमवा. खर्च तिकिटं खोचून ठेवायच्या एका वहीचा, म्हणजे स्टॉकबुकाचा, एका चिमट्याचा आणि एका भिंगाचा. हात तयार होतो, दाते मोजायची सवय लागते, कोणता देश किंवा काळ आपल्याला ओढतो ते कळतं. मग तेवढ्यापुरती कोरी घ्या.

फक्त पाकीट जुनं असेल तर ताटली भरण्याआधी थांबा. १५ नोव्हेंबर १९७१ पासून पूर्व बंगालमधल्या निर्वासितांच्या मदतीसाठी पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावणं सक्तीचं झालं. घाईघाईत कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावरच ‘रेफ्युजी रिलीफ’ असं छापून ते चालवलं. सुटं काढलं तर ते एक छोटं लाल तिकीट. मूळ तिकिटाशेजारी, पत्त्यासकट, शिक्क्यासकट पाकिटावर असलं तर त्या हिवाळ्यात कोणी कुणाला काय लिहिलं आणि वर पाच पैसे दिले, ते सगळं एका जागी दिसतं. असं पाकीट अख्खंच ठेवा. माझं कर्व्यांचं तिकीट मी बाराव्या वर्षी कापून काढलं. पाकिटावर शिक्क्याची उरलेली अर्धी कमान होती आणि मागे पोहोचल्याचा शिक्काही असणार. त्यात ते पाचवं अक्षर होतं.