कॅम्प शेफ एक्सप्लोरर : अंगणातल्या तळणासाठी चांगली, पण रेग्युलेटर समजून घेऊनच

अमेरिकेतल्या मराठी घरांत गणपती जवळ आले की तळणाचा मुक्काम अंगणात हलतो. घरात भज्यांचा पहिला घाणा निघायच्या आत स्मोक अलार्म ओरडायला लागतो, आणि पन्नास माणसांची मिसळ स्वयंपाकघरातल्या इलेक्ट्रिक शेगडीवर निघत नाही. बाहेरच्या स्वयंपाकासाठी बाजारात दोन जातींच्या प्रोपेन शेगड्या मिळतात. दोन्ही त्याच २० पौंडी टाकीवर चालतात, पण एकीचं काम दुसरीवर होत नाही, कारण त्यांचे रेग्युलेटर वेगळे.

कॅम्प शेफ कंपनीची एक्सप्लोरर ही लो प्रेशर, म्हणजे कमी दाबाच्या जातीची. दोन बर्नर, प्रत्येकी तासाला ३०,००० बीटीयू (उष्णतेचं माप), तीन बाजूंनी वारा अडवणारा पत्रा आणि काढून ठेवता येणारे पाय. टाकीत उन्हाळ्याच्या दिवसांत १०० पीएसआयहून (दर चौरस इंचावर किती पौंड, हे दाबाचं माप) जास्त दाब असतो. तिचा रेग्युलेटर तो अर्ध्या पीएसआयच्याही खाली आणतो, म्हणजे भारतातल्या घरगुती रेग्युलेटरच्या जवळपास. त्यामुळे आच खरोखर बारीक होते. शिरा खाली लागत नाही, पोह्यांना नीट वाफ येते. दुसरी जात म्हणजे अख्खी टर्की (कोंबडीसारखा मोठा पक्षी) तळायचा एका बर्नरचा फ्रायर. तो मात्र हाय प्रेशरचा, त्याचा रेग्युलेटर बहुधा लाल आणि १०, २० किंवा ३० पीएसआयपर्यंत फिरवता येणारा. दहा लिटर पाणी झटपट उकळायला तो उत्तम, शिऱ्याला अजिबात नाही.

धोका इथेच आहे. दोन्ही रेग्युलेटर टाकीला सारखेच बसतात. लाल रेग्युलेटर एक्सप्लोररला जोडायचा प्रयत्न करू नका. तिच्या जेटचं (बर्नरमध्ये गॅस सोडणाऱ्या बारीक तोंडाचं) भोक आणि नॉबमधले वाल्व्ह लो प्रेशरसाठी बनवलेले आहेत; जास्त दाबाने ज्वाळा भांड्याबाहेर येतात आणि नॉबच्या दांड्याशी गळती सुरू होते. भारतातून आणलेली शेगडी किंवा तिथला रेग्युलेटर इथल्या टाकीवर अडॅप्टर लावून चालवणं हाही तसाच जीवघेणा जुगाड.

टाकीला रेग्युलेटर जोडायचं मोठं प्लास्टिकचं नट उजवीकडे, फक्त हाताने घट्ट करायचं. पाना लावला की आटे बिघडतात. जोडण्याआधी टाकीच्या वाल्व्हच्या तोंडातली रबरी वॉशर बोटाने चाचपून बघा. तिला चीर असेल तर ती टाकी परत करा. मग भांडी घासायचा लिक्विड साबण आणि पाणी निम्मेनिम घेऊन, शेगडीचे नॉब बंद ठेवून टाकी उघडा आणि नटावर, रेग्युलेटरवर, पाइपच्या दोन्ही टोकांवर ब्रशने लावा. फुगे आले की टाकी बंद. हात लावून घट्ट केल्यावरही फुगे येतच असतील तर त्या दिवशी शेगडी पेटवू नये.

"शेगडी नवीन आहे, टाकी भरलेली आहे, तरी आच मिणमिणतेय" ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार, आणि त्यात शेगडीचा दोष बहुधा नसतो. या जोडणीत गॅस अचानक जोरात वाहू लागला तर प्रवाह रोखणारी सोय असते. नॉब उघडा असताना टाकी उघडली, किंवा टाकी एका झटक्यात उघडली, तर त्या सोयीला पाइप फुटल्यासारखं वाटतं आणि ती गॅस थेंबाथेंबाने सोडते. अशा वेळी सगळे नॉब बंद करा, टाकी बंद करा, रेग्युलेटर काढून दोन-चार मिनिटं थांबा, पुन्हा जोडा आणि टाकी अगदी सावकाश उघडा. एवढं केलं की ज्वाळा पूर्ववत होते. पेटवताना लायटर आधी बर्नरपाशी न्यायचा, गॅस नंतर सोडायचा. पेटली नाही तर गॅस बंद करून पाच मिनिटं थांबायचं; प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड असल्याने खालीच साचून राहतो.

ज्वाळा निळी हवी. पिवळी होऊन पातेल्याचं बूड काळं करत असेल तर बर्नरच्या नळीवरची हवेची झडप थोडी उघडा. फुसफुसत बर्नरवरून उचलली जात असेल तर थोडी बंद करा. हिवाळाभर पडून राहिलेल्या शेगडीच्या नळीत कोळी जाळं करतात. मग गॅस पुढे न जाता हवेच्या भोकातून मागे येतो आणि नॉबजवळ पेट घेतो. म्हणून वसंतात पहिल्यांदा लावण्याआधी नळी काढून लांब ब्रश फिरवणं सक्तीचं समजा. जेटच्या भोकात मात्र तार घालू नका, भोक मोठं होतं.

गॅसचा हिशोब सोपा आहे. पौंडभर प्रोपेनमधून सुमारे २१,५०० बीटीयू निघतात, म्हणजे दोन्ही बर्नर पूर्ण उघडे असतील तर तासाला २.८ पौंड. भरलेली २० पौंडी टाकी सात तास पुरते. बदलून मिळणाऱ्या टाकीत बरेचदा १५ पौंडच असतात, तेव्हा पाच तास धरा. टाकीच्या कड्यावर टीडब्ल्यू पुढे रिकाम्या टाकीचं वजन कोरलेलं असतं, साधारण १७ पौंड. बाथरूमच्या काट्यावर २६ भरलं तर आत ९ उरले. थंडीत जास्त वेळ पूर्ण आचेवर चालवली की टाकीच्या खालच्या भागावर दव, मग बर्फ धरतो आणि आच मंदावते. आच कमी करा किंवा दुसरी टाकी लावा. टाकीला ऊब द्यायला जवळ आग नेऊ नका.

शेगडी घरापासून दहा फूट लांब, सपाट जमिनीवर ठेवा. लाकडी डेकवर किंवा गराजच्या दारात नको. टाकी पाइप पोचेल तेवढी बाजूला, उभी. भज्यांच्या कढईत तेल निम्म्याच्या वर नको, आणि थर्मामीटर ठेवाच. १७० ते १८० अंश सेल्सिअसवर घाणा उत्तम निघतो, पण घाणा काढून पीठ कालवायला वळलात की ३०,००० बीटीयूखाली तेल भराभर तापतं, म्हणून प्रत्येक घाण्यानंतर नॉब फिरवून आच आधी कमी करायची. तेल पेटलंच तर टाकी बंद, कढईवर झाकण, पाण्याचा थेंबही नाही.

एक्सप्लोररला स्वतःचा इग्नायटर नाही, लांब लायटर वेगळा घ्यावा लागतो. चार बटाटे उकडायचे तर ती जास्तच मोठी. पण एका बर्नरवर मिसळीचा रस्सा आणि शेजारी कढई, असं काम रोजच्या सवयीने करता येतं, आणि त्यासाठी फ्रायरऐवजी हीच घ्यावी.